नून, योद, नून, तेत

हिब्रू लिहिताना काना-मात्रा देत नाहीत, हे ठाण्यात कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, प्रार्थनेचं पुस्तक लहानपणापासून वाचत आलो. आजोबा सिनेगॉगला शेवटपर्यंत मशीदच म्हणायचे, तिथे त्यांच्या मांडीला मांडी लावून बसून मीही तोंड हलवायचे. पण त्या पुस्तकात प्रत्येक अक्षराच्या खाली-वर टिंबं आणि रेघा असतात. अर्थ नाही कळला तरी उच्चार चुकत नाही. त्या भरवशावर मी २००३ च्या फेब्रुवारीत नवऱ्याबरोबर इस्राएलमध्ये अश्दोदला येऊन पडले आणि पाहते तर बसवरच्या पाट्या, दुकानांची नावं, विजेचं बिल, सगळं उघडंबोडकं. म्हणजे ‘पट’ एवढंच लिहायचं आणि ते पाट आहे, पेट आहे की नुसतं पट, हे वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं. आधी शब्द माहीत असेल तरच तो वाचता येतो, आणि वाचल्याशिवाय माहीत कसा होणार?

अश्दोदने त्यातल्या त्यात एक मेहरबानी केली होती. तिथल्या वस्त्यांना नावांऐवजी मुळाक्षरं आहेत. रोवा अलेफ, रोवा बेत, रोवा गिमेल. रोवा म्हणजे विभाग. आम्ही गिमेलमध्ये राहायचो, भाजी स्वस्त मिळायची ती बेतमध्ये. आठवड्याभरात बाराखडी पायांत बसली. पुढचं सगळं उलपानवर सोडलं होतं.

उलपान म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीचा हिब्रूचा वर्ग. पाच महिने, आठवड्यातले पाच दिवस, सकाळभर. सगळे मिळून साधारण ५०० तास, आणि आमच्यासारख्यांना फुकट. माझ्या वर्गात निम्मे रशियन होते. अर्जेंटिनाचेही बरेच, कारण तिकडे बँका बुडाल्या म्हणून त्या दोन वर्षांत तिथली खूप माणसं आली होती. काही इथियोपियन बायका, त्यांच्यापैकी एक पदराखाली बाळ पाजत क्रियापदं चालवायची. आणि मराठी बोलणारी मी एकटी. नवरा पहिल्या महिन्यातच कामाला लागला, किर्यात गतजवळच्या एका कारखान्यात पाळीचं काम, त्यामुळे त्याचं हिब्रू कायम ‘इकडे आण, तिकडे ठेव’ एवढंच राहिलं. अजूनही फारसं पुढे गेलेलं नाही.

मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला आणि आम्हाला सांगण्यात आलं की गॅसचा मुखवटा जवळ बाळगा. पट्टा लावलेलं खाकी खोकं खांद्याला अडकवून मी वर्गात जायची. बाईंनी त्याचाही धडा केला. खोकं पुल्लिंगी, मुखवटा स्त्रीलिंगी. इथे मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. स्पॅनिश बोलणाऱ्यांना हे कळत नव्हतं की बाईने ‘मला पाहिजे’ म्हणताना रोत्सा आणि पुरुषाने रोत्से का म्हणायचं. मला ते समजावून सांगावं लागलं नाही. मी जाते, तो म्हणतो मी जातो, त्यात काय विशेष? मी एकदम हुशार विद्यार्थिनी ठरले. ते वैभव भूतकाळ येईपर्यंत टिकलं. हिब्रूत भूतकाळात ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ एकच, हालाख्ती. मला सारखं वाटायचं की वाक्यात काहीतरी सांडलंय.

खरी शाळा मात्र दुपारी भरायची, समोरच्या दारात.

आमच्या मजल्यावर एक मोरोक्कन आजी राहायच्या. सत्तरीच्या, डोक्याला रुमाल, पायांत पुरुषी चपला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी झाकलेली ताटली आणून दिली आणि काहीतरी बोलल्या, त्यातला एकच शब्द मला पकडता आला, कपारा. नंतर तो रोज ऐकू यायला लागला. मला म्हणायच्या कपारा, नातवाला म्हणायच्या कपारा, टीव्हीवर कुणी चांगलं गायलं की त्यालाही कपारा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, प्रायश्चित्त. मला काही केल्या जुळेना. आजी माझ्याकडे बघून प्रायश्चित्त कशाला म्हणतील? शेवटी एकदा नातवाला ताप आला तेव्हा त्यांनी हात त्याच्या डोक्यावरून फिरवून म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. अगं, हे तर आपलं ओवाळून टाकणं! तुझी इडापिडा मला लागो. बाईंचा अर्थ शब्दकोशातला होता, बरोबरच होता, पण माझ्या आजीने बोटं मोडली असती ना कानशिलावर, तो तो शब्द.

आजींचं हिब्रू धो-धो होतं. मधे मधे अरबी मिसळलेलं, घशातून येणारे ‘ह’ आणि ‘अ’ असे ठसठशीत की उलपानच्या बाईंनाही जमत नसत. पण आजींना वाचता येत नव्हतं. हे मला दोन-अडीच महिन्यांनी कळलं. लहान वयात लग्न, मग बोट, मग तंबूंची वसाहत, मग आठ मुलं. अक्षर शिकायला वेळ कुणी दिलाच नाही. दारावर नगरपालिकेचा कागद आला की त्या चष्मा सापडत नाही म्हणायच्या आणि नातवाची वाट बघायच्या.

आणि मला वाचता येत होतं, समजत नव्हतं.

उन्हाळ्यात ‘चॅनेल २’ वर एक नवा कार्यक्रम सुरू झाला, ‘कोखाव नोलाद’. तारा जन्मला. गाणाऱ्या तरुण मुलामुलींची स्पर्धा, परीक्षक बोलणार आणि प्रेक्षक फोनवरून मत देणार. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत अशा स्पर्धा नुकत्याच गाजल्या होत्या. आपल्याकडे ‘इंडियन आयडल’ यायला अजून वर्ष होतं. रशियन मंडळींना त्यांच्या भाषेतलं चॅनेल आदल्याच वर्षी मिळालं होतं, ते घरी जाऊन ते लावत. मराठी चॅनेल मला कोण देणार? म्हणून मी आजींकडे बसायला लागले.

कार्यक्रमाच्या नावावरून वर्गात माझा आणि बाईंचा वाद झाला, तो असा. कोखाव पुल्लिंगी, नोलादही पुल्लिंगी. मी विचारलं, मुलगी जिंकली तर? स्त्रीलिंगी शब्द आहे की, कोखेवेत. मग नाव ‘कोखेवेत नोल्दा’ होईल का? बाई हसल्या, म्हणाल्या, ऑगस्टपर्यंत थांब, मग बघू.

सूत्रसंचालक त्स्विका हादार, मोठ्या देहाचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. तो इतका भरभर बोलायचा की सुरुवातीला मला त्याच्या तोंडची फक्त नावं कळायची. आणि नावाबरोबर गावाचं नाव यायचं. गावाचं नाव आलं की आजींच्या घरातली सगळी जण एकमेकांकडे बघायची. ते बघणं मला हिब्रूच्या आधी समजलं, कारण आपल्याकडेही आडनाव ऐकून लोक असेच एकमेकांकडे बघतात.

निनेट तायेब १९ वर्षांची होती. किर्यात गतची.

किर्यात गत म्हणजे काय, हे मला नवऱ्याच्या डब्यापुरतं माहीत होतं. अश्दोदहून बसने पाऊण तास, दक्षिणेकडे, कोरड्या जमिनीत. पन्नाशीच्या दशकात वसवलेलं गाव. मोरोक्को, ट्युनिशिया, अशा ठिकाणांहून आलेल्या लोकांना नेऊन ठेवण्यासाठी सरकारने अशी गावं बांधली. कापडाची गिरणी, साखरेचा कारखाना, चार मजली एकसारख्या इमारती. गत हे नाव बायबलमधलं, गल्याथ राक्षसाचं गाव. गंमत म्हणजे नाव देताना जवळचं टेकाड तेच गत असं समजले होते, पुढे संशोधकांनी खरं गत दुसरीकडेच दाखवलं. तोवर पाटी लागली होती.

माझी आत्या दिमोनाची. तिला असल्या गावाचं वेगळं काही सांगावं लागत नव्हतं. ती साठच्या दशकात आली, विमानतळावरून रात्री थेट वाळवंटात नेऊन उतरवलेल्यांपैकी. परळच्या गिरणीतून सुटून दिमोनाच्या गिरणीत लागलो, असं तिचा नवरा म्हणायचा. मी तिला फोन केला की पहिला प्रश्न, “अगो, काल बघितलंस का गतच्या पोरीला?”

“बघितलं.”

“गाते चांगली. पण तिला पुढे नेतील का, सांग.”

पुढे कोण नेणार, लोकच तर मत देतात, असं मी म्हणाले. तेव्हा आत्याने मला १९६२ ची गोष्ट सांगितली. आमच्या लोकांच्या लग्नांवर रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, शंका काढली होती, तुम्ही पुरते यहुदी आहात का, आईकडून किती पिढ्या सांगता येतात. जेरुसलेमला धरणं धरायला गेलेल्यांत आत्याही होती, पोटुशी. १९६४ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. “आम्हाला पास व्हायला दोन वर्षं लागली,” आत्या म्हणाली. “हिला फोनवर पास करतायत. बघू.”

हे सगळं मनात असताना मी ते गाणं ऐकलं. स्पर्धेत तिने झोहार अर्गोवचं ‘याम शेल द्माओत’ गायलं. आसवांचा समुद्र. झोहार अर्गोव येमेनी घरातला, ऐंशीच्या दशकातला मोठा गायक, १९८७ मध्ये तुरुंगात त्याने जीव दिला. त्याची गाणी रेडिओवर क्वचित लागायची. लोक ती कॅसेटवर ऐकायचे, आणि त्या कॅसेट तेल अवीवच्या बस स्थानकाभोवतीच्या टपऱ्यांवर मिळायच्या. आजींच्या कपाटात चपलांच्या खोक्यात तशा कॅसेट भरलेल्या होत्या. एक अख्खी पिढी ते संगीत कमी प्रतीचं समजत आली होती. आणि ही बारीक चणीची मुलगी मोठ्या चॅनेलवर, भर गर्दीच्या वेळी तेच गात होती, मुरक्या जरा कमी करून, आवाज आतून दाबून धरून. आजी कपारा म्हणाल्या नाहीत. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

मला त्या गाण्यातले तीन शब्द कळले होते. याम, समुद्र. शेल, चा-ची-चे, सगळ्यांना एकच. द्माओत, आसवं, एकवचन दिमा. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेवढे फळ्यावर लिहिले.

मग वर्तमानपत्रं आली. आठवड्यागणिक त्या मुलीचा फोटो मोठा होत गेला. आजी नाक्यावरून पेपर विकत आणायला लागल्या आणि माझ्यापुढे टाकायला लागल्या, “वाच.” आतापर्यंत मी फक्त ‘शार लमत्खील’ वाचलं होतं, शिकाऊ लोकांसाठीचं, काना-मात्रा दिलेलं, सोप्या हिब्रूतलं पत्र. हा खरा पेपर. पहिला शब्द मी वाचला तो तिचं नाव. नून, योद, नून, तेत. नि-ने-ट. ठळक, पाच बोटं उंच. बिनटिंबांचा वाचलेला माझा पहिला शब्द, आणि तो वाचता आला कारण तो आधीच कानात होता.

पण तिथून पुढे? मथळ्यात दोनच शब्द होते. निनेट, आणि पुढे शिन, रेश, हे. मी वाचलं, “निनेट सारा.”

“कोण सारा?” आजी म्हणाल्या.

“तिचं दुसरं नाव असेल.”

“तायेब आहे तिचं नाव. सारा कुठून आली?” त्यांनी फोटोकडे बघितलं. फोटोत निनेटच्या हातात माईक होता. मग त्या माझ्या पाठीत धपाटा घालून इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघायला आली. शारा! शारा म्हणजे गाते. तीच अक्षरं, शिनवरचं टिंब या बाजूला की त्या, एवढाच फरक, आणि टिंब तर छापतच नाहीत. निनेट गाते.

अशी आमची पद्धत बसली. मी अक्षरं जुळवून तीन-चार तऱ्हांनी शब्द म्हणून दाखवायचा, आजींनी डोळे मिटून ऐकायचं आणि त्यातला खरा उचलायचा. सामेख, पे, रेश. सेफेर? सापार? सापार! बारा वर्षांच्या मुलालाही कळेल, पार्लरबद्दल लिहिलंय, सेफेर म्हणजे पुस्तक कुठून येईल तिथे. उलपानमध्ये मी एका तासात जे शिकत नव्हते ते आजींच्या स्वयंपाकघरात पुदिन्याच्या चहाच्या एका पेल्यात शिकत होते. त्यांना वाटायचं मी त्यांच्यासाठी वाचते. मी बाईंना सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, दोघी मिळून तुम्ही एक शिकलेली बाई आहात. टोमणा होता की कौतुक, अजून ठरवता आलेलं नाही.

मत द्यायचा उद्योगही केला. पहिल्यांदा फोन लागेना म्हणून मी पंधरा-वीस वेळा फिरवला. लागत नव्हता असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात पलीकडे यंत्र बोलत होतं, “तुमचं मत नोंदवलं आहे,” आणि ते वाक्य कर्मणीत होतं. कर्मणी प्रयोग आमच्या वर्गात अजून सुरू झाला नव्हता. महिन्याचं बिल आल्यावर नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

अंतिम फेरीत तिघं उरले, निनेट, शिरी मैमोन आणि शाई गाब्सो. शिरीचा आवाज जास्त घडवलेला होता, माझं प्रामाणिक मत विचाराल तर त्या वेळी ती जास्त चांगली गायिका होती. आत्याही शेवटी शिरीकडे झुकली. हे मी आजींपुढे बोलले नाही. त्या रात्री त्यांच्या बैठकीच्या खोलीत वीस-बावीस माणसं होती, जमिनीवर सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा सडा, लष्करी गणवेशातला एक नातू बंदूक मांडीवर घेऊन झोपलेला, आणि खिडक्यांतून समोरच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर तोच निळा उजेड. त्या तीन वर्षांत बसमध्ये, बाजारात स्फोट होत होते. बस स्थानकात शिरताना पिशवी उघडून दाखवायची आम्हाला सवय झाली होती. एका रात्री सगळ्या गावाने बातम्यांशिवाय दुसरं काहीतरी एकत्र बघावं, यातच बरंचसं आलं. त्या मुलीच्या गाण्याबाहेरचं हेही काहीतरी तिच्या वाट्याला गेलं असं मला वाटतं.

निनेट जिंकली. कुणीतरी जिन्यात भांडं वाजवलं. आजींनी जिभेने ती लांबलचक किलकारी काढली, लग्नात मोरोक्कन बायका काढतात ती.

सकाळी पेपर. मी वाचलं, “हा-झोखे.” विजेता.

“झोखा!” आजी ओरडल्या. “झोखा! मुलगी आहे ती!”

झोखे आणि झोखा, दोन्ही लिहायचे सारखेच. झायिन, वाव, खाफ, हे. म्हणजे कागदावर बघणाऱ्याला कळणारच नाही की बाई जिंकली की बाप्या; ते कळायला निनेट माहीत असावी लागते. उलपानच्या शेवटच्या परीक्षेत मला तोंडी प्रश्न आला, एखाद्या घटनेबद्दल बोला. मी हीच घटना सांगितली. चांगले गुण मिळाले. आणि बाईंनी निरोपाच्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कोखेवेत नोल्दा’. सप्टेंबरच्या अखेरीस नवं वर्ष आलं तेव्हा मी चिकाचा हलवा केला, गव्हाचा चीक तीन दिवस भिजवून काढलेला, आणि आजींना वड्या नेऊन दिल्या. त्यांनी एक तोंडात टाकली. “हे काय आहे?” मला चीक शब्दाचं हिब्रू येत नव्हतं. अजून येत नाही.

पुढचं मी जरा लांबून पाहिलं. दुकानात काम लागलं, मुलगी झाली. निनेटला आडनाव लागेनासं झालं, पेपरवाले तिला किर्यात गतची सिंड्रेला म्हणायचे. २००४ मध्ये ती ‘हाशीर शेलानू’ या रोजच्या मालिकेत आली, गाणाऱ्या मुलीच्याच कामात, आणि शाळकरी पोरींच्या वह्यांवर तिचे फोटो चिकटले. २००५ च्या वसंतात शिरी मैमोन युरोव्हिजनला, म्हणजे देशादेशांच्या गाण्याच्या स्पर्धेला, कीवला जाऊन चौथी आली, आत्याचा फोन, “बघ, मी म्हटलं होतं.” त्याच सुमाराला ठाण्याहून आईचा फोन, आपल्या मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडल’ जिंकला, सगळ्या चाळीने एसएमएस केले. मी आईला म्हटलं, बिल बघ. आत्याला मात्र एकच रुखरुख, आपल्यातली कुणी अशी पुढे का येत नाही. आपली लिओरा इत्झाक आहे की, लोदची, हिंदी सिनेमात गाऊन आली, असं मी सांगायचे. “तिला इथे नाही ना कुणी फोन केले,” आत्या म्हणायची.

निनेटची पहिली सीडी २००६ मध्ये आली, अवीव गेफेनने केलेली, नाव ‘यखेफा’. शब्दकोश न उघडता मला ते नाव कळलं आणि मी दुकानाच्या काउंटरपाशी उगाचच खूश झाले. अनवाणी, पण बाईमाणूस. मराठीत अनवाणी चालणाऱ्याचं लिंग कळत नाही. इथे मराठी मागे पडली.

मग ती बिघडली. हा शब्द आजींचा. एक दिवस पेपरात डोकं भादरलेली निनेट. आजींनी फोटो हातात घेतला, चष्मा शोधायचं नाटकही केलं नाही. “कुणाची दृष्ट लागली हिला?” २००९ ची सीडी ‘कम्युनिकेटिव्ह’ निघाली ती गिटारच्या खरखरीची, तिने बरीचशी स्वतः लिहिलेली, मुरकी नाही, आसवं नाहीत. ज्या लोकांनी फोन फिरवून तिला वर नेलं होतं त्यांना ते आवडलं नाही. लोक रागावल्यासारखे बोलायचे, जणू तिने उसने पैसे बुडवले. आपण बिल भरलं म्हणजे गळा आपला झाला, असं त्यांना वाटत असावं. माझ्याही मनात ते थोडं होतं, खोटं कशाला बोलू? मी वीस मतांचं बिल भरलं होतं. पण सीडी मी दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना शब्द सुटे सुटे कळायला लागले आणि कळलं की ही आता सगळ्यांसाठी गात नाही. ते मला काही वाईट वाटलं नाही.

पुढे तिने इंग्रजीतही गाणी केली. आजी त्या सुमारास गेल्या. शेवटच्या महिन्यांत मी त्यांच्या उशाशी बसून पेपर वाचायची, तेव्हा मला अडखळायला होत नसे, आणि त्यांना ते आवडत नसे. “हळू वाच,” म्हणायच्या. मग मी मुद्दाम एखादा शब्द चुकवायची.

२०१५ मध्ये ठाण्याहून बहिणीच्या मुलाचा निरोप आला. तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता, केस खांद्यापर्यंत, दहा-दहा मिनिटांची इंग्रजी गाणी ऐकायचा. स्टीव्हन विल्सन नावाचा त्याचा एक इंग्रज देव आहे, त्याची नवी सीडी आली होती, ‘हँड. कॅनॉट. इरेज.’ “मावशी, यात एक बाई गाते. ‘रूटीन’ म्हणून गाणं आहे. मी रात्रीपासून तेच लावून बसलोय. तुमच्या इस्राएलची आहे म्हणे. ओळखतेस का तू? नाव नाइनेट तायेब.”

मी गाणं लावलं. मधे एका जागी तिचा आवाज अचानक फाटून वर जातो. स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला नव्हता, तरी मी मान वळवून बघितलं.

भाच्याला ना ‘कोखाव नोलाद’ माहीत, ना किर्यात गत, ना झोहार अर्गोव. त्याच्या वाट्याला नुसता आवाज आला होता. त्याला काय काय सांगावं, हे मी फोन हातात घेऊन बराच वेळ ठरवत होते. मग लिहिलं, “नाइनेट नाही रे. निनेट.”

त्याचा लगेच उलट निरोप, “स्पेलिंगवरून कसं कळणार, मावशी?”

“नाहीच कळत,” मी लिहिलं.